वहीत उजवी लिहिलंय

‘डोक्याला सौम्य इजा’ असं कार्डावर लिहून हॉस्पिटल माणसाला घरी पाठवतं, आणि तिथून पुढचं निस्तरायला आमच्यासारखे लोक लागतात. सौम्य म्हणजे कवटी फुटली नाही, आत रक्त साकळलं नाही, माणूस थोड्या वेळात शुद्धीवर आला. डॉक्टरांच्या दृष्टीने शब्द बरोबरच आहे. घरचे मात्र त्याचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा घेतात. मग तोच माणूस गॅसवर दूध ठेवून विसरतो, उजेडाने कण्हतो, पोरांच्या दंग्याने कानांवर हात घेऊन बसतो, तेव्हा घरात कुजबूज सुरू होते की हा सोंग करतोय. डिचोली आणि पेडणे तालुक्यात अठरा वर्षं मी ही ‘सोंगं’ बघत फिरते आहे. माझं नाव विनोदिनी, घर मुळगावात, नोकरी एका लहानशा संस्थेत समाजसेविकेची. स्वभाव तापट. नसता तर या नातेवाइकांपुढे माझा निभाव लागला नसता.

पण आज मला नातेवाइकांवर तोंडसुख घ्यायचं नाही. त्यांनी जे केलं ते केलंच. त्यांच्या हाती हत्यार मी दिलं.

सुमंगला कोरगावची. वय एकेचाळीस, लग्न झालेलं नाही, धंदा शिवणाचा. घराची रस्त्याकडची एक खोली तिची. तिथे मशीन, कापडाचे तुकडे ठेवायला फळकूट आणि दारावर हाताने रंगवलेला बोर्ड. घर आणि मागची काजूची भरड जमीन वडिलांच्या मागे तिच्या आणि थोरल्या भावाच्या, बाबलीच्या, अशी दोघांच्या नावावर आलेली. गोव्यात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच असतो, आणि जमीन विकायची तर तिची सही लागतेच. बाबली एका हॉटेलात सामानाचं कोठार सांभाळायचा. त्याची बायको हर्षा घरीच, आणि मुलगी गौरवी दुसरीत शिकणारी. चार माणसांचं घर, भांडणतंटा नाही. मोपाला विमानतळ झाला आणि दिल्लीच्या नंबरच्या गाड्या कोरगावच्या रस्त्याने हळूहळू जायला लागल्या, तेव्हापासून तेवढी एक कुरबुर सुरू झाली. बाबलीला विकायचं होतं. सुमंगला तीन वर्षं एकच सांगत होती, “खोली माजी, मशीन माजा. सही केलंय तर मी खंय जातलंय?”

मग दोन वर्षांमागच्या नोव्हेंबरात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अस्तर आणि हुक घेऊन येताना, तिची बस धारगळच्या अलीकडे करकचून थांबली. ती उभी होती. डोकं सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. रक्ताचा थेंब नाही. एक रात्र हॉस्पिटलात ठेवून, सौम्य म्हणून, तिला घरी पाठवलं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि आत, अंधारात, ती काळा चष्मा लावून बसली होती. सकाळी पोदेर पावाची टोपली घेऊन भोंपू वाजवत यायचा, त्या आवाजाने तिला उलटी व्हायची. पण ती रडली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. “गावातल्या सगळ्या बायलांची मापां माका तोंडपाठ होतीं, मॅडम. कोणाचो दंड केदो, कोणाची पाठ केदी. लिवन ठेवची पाळी कधी इली नाय. आता छाती मोजतंय आणि हाताचा माप घेयसर छाती विसारतंय.” बाहेर सोप्यावर हर्षा मला दबक्या आवाजात विचारत होती, “खरांच जाता की काय हां, मॅडम? डोक्याच्या फोटोत तर कायच नाय गावला.” मी तिच्यावर खेकसले. खेकसायलाच हवं होतं. आता वाटतं, तिथेच तिने माझी मापं घेतली असावीत.

माझी एक पद्धत आहे. पुस्तकात असते तीच, मी तिला आमच्याकडच्या माणसांसाठी सोपी केली आहे. शंभर पानी वही घ्यायची. रोज संध्याकाळी त्यात आज काय केलं, कोण आलं, कोण काय बोललं, काय ठरलं, उद्या काय करायचं, एवढं लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचायचं. डोकं सुधारेपर्यंत ही वहीच आपली आठवण. मुळगावातला एक टिपर चालवणारा, आठवड्याला दोनदा घरी जायचा रस्ता चुकणारा, या वहीवर उभा राहिला. पणजीला एका कार्यशाळेत मी त्यावर भाषणही केलं आणि टाळ्या घेतल्या. माझ्या माणसांना मी एक वाक्य पढवायची, “डोकं काही म्हणो, वहीत आहे ते खरं.” ही सक्ती मुद्दाम असायची. नाहीतर माणूस दिवसभर ‘हे झालं होतं की नव्हतं’ यात पिळून निघतो आणि संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायला लागतं.

सुमंगलाला लिहिता येईना. चार ओळींत अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे पोहायला लागायची. मी म्हटलं, मग तू सांग आणि हर्षा लिहील. हर्षा बारावी शिकलेली, अक्षर टपोरं, मोत्यासारखं. मी तिला पेन दिलं आणि वर कौतुक केलं, “तुझ्यासारखी भावजय मिळायला नशीब लागतं.” हे माझ्याच तोंडचे शब्द.

फेब्रुवारीपर्यंत काळा चष्मा सुटला. मार्चमध्ये तिने एक ब्लाऊज पुरा शिवला. एक माप घ्यायचं, लगेच मोठ्याने म्हणायचं, खडूने पाटीवर लिहायचं, मगच दुसरं माप. वेळ तिप्पट लागला, पण गळा सुबक बसला. त्याच सुमारास गावातल्या महिला मंडळाकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलं. मंडळाच्या बायका कुजबुजत होत्या, हिला काम द्यावं की नाही, डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात. मला त्याचा राग आला. मी डॉक्टरांना गाठलं आणि त्यांच्या सहीशेजारी माझी सही घालून दाखला करून आणला की सुमंगलाला आपल्या कामाची आणि व्यवहाराची पूर्ण समज आहे, ती स्वतःचे निर्णय घेऊ शकते. फार ऐटीत नेऊन दिला. मंडळाने काम दिलं. दाखल्याची एक झेरॉक्स हर्षाने फाइलला लावली.

एप्रिलमध्ये बाबलीने प्रसाद घ्यायचं ठरवलं.

आमच्याकडे घरातलं मोठं काम, लग्न असो की विहीर असो, प्रसादाने देवीचा कौल घेतल्याशिवाय होत नाही. सातेरीच्या अंगावर गुरव पाण्यात भिजवलेल्या कळ्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतो, घरचा माणूस गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास धरून बसतात. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. शिकलीसवरलेली, मोठ्या पगारावरची माणसंही डावी पडल्यावर ठरलेलं लग्न मोडून घरी येतात. मी याला हसत नाही. माझ्या घरातही हेच चालतं.

बाबली, हर्षा आणि सुमंगला तिघंही देवळात गेली. जमीन विकू की नको, असं बाबलीने विचारलं. सुमंगलाने घरातून निघताना त्याला कबूल केलं होतं की देवीने हो म्हटलं तर मी सही करीन. तीन वर्षं भावाला नाही म्हणून ती थकली होती. देवीला नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

त्यानंतर चार दिवसांनी मी कोरगावला गेले. ती मशीनवर बसली होती, पण चाक फिरवत नव्हती. मला बघून उठली, दार लोटून घेतलं आणि वही पुढे केली.

“मॅडम, ह्यां वाचा.”

हर्षाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘सकाळी देवळात गेलो. प्रसाद उजवीचा झाला. ताईने दादाला सही देते म्हणून सांगितले. सगळ्यांना बरे वाटले.’

“बरं मग?”

“माका डावी याद आसा.” ती अगदी हळू बोलत होती. “डावी पडली. देवीच्या खांद्यावरसून घरंगळली आणि खाली समयेकडे इली. दादान मान खाली घातली. घराक येयसर तो एक शब्द बोललो नाय, जेवलोव नाय. माका ह्यां सगळां दिसता, मॅडम. पण वहीत उजवी लिवलां.”

“हर्षाला विचारलंस?”

“विचारलंय. ती म्हणता, ताय, वही वाच. दादाक विचारलंय तर तो उठान भायर गेलो.”

आता मी काय केलं ते सांगते. लपवण्यासारखं बरंच आहे, म्हणूनच सांगते. मला हळर्णला जायचं होतं. तिथे एक घर माझी वाट बघत होतं आणि मला आधीच उशीर झाला होता. आणि त्याहून खरं म्हणजे मला तिची भीती वाटली. चार महिने मी तिला घडवत आणलं होतं, आणि आता ती पुन्हा ‘झालं की नव्हतं’च्या भोवऱ्यात उतरायला निघाली होती. मला माझं काम मोडताना दिसलं. मी तिला खुर्चीत बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, “वहीत काय आहे?”

“उजवी.”

“मग उजवीच. डोकं कधीकधी मनात असतं ते डोळ्यांना दाखवतं. तुला विकायचं नव्हतं, म्हणून तुला डावी दिसतेय. आपलं ठरलंय ना, वहीत आहे ते खरं?”

तिने हात सोडवून वही मिटली. मग म्हणाली, “होय, मॅडम.”

सातेरीचं देऊळ तिच्या दारापासून चालत पाच मिनिटांवर. गुरव दिवसभर तिथेच असतो. मी गाडी देवळासमोरूनच नेली. थांबले नाही. आणि अठरा वर्षांच्या अनुभवाने मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की सौम्य इजा झालेला माणूस विसरतो, गोंधळतो, त्याला शब्द सापडत नाहीत. पण जे घडलंच नाही ते समईसकट, खांद्यासकट रचून सांगत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवते.

मे महिन्यात तिने नोंदणी कचेरीत हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. कागद वाचताना ती अडखळते हे बघून तिथल्या माणसाने विचारलं म्हणे, हिला सगळं समजतं ना? बाबलीने फाइलमधून माझा दाखला काढून दिला. जूनमध्ये ती चौघं पेडण्याला बाजाराजवळच्या एका फ्लॅटात भाड्याने राहायला गेली. माझ्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, ‘कुटुंबाचा पाठिंबा उत्तम. वहीचा वापर नियमित.’

ऑक्टोबरात कोरगावातच माझ्या स्कूटरला पंक्चर झालं, आणि नेमकं देवळाजवळ. मेकॅनिक येईपर्यंत मी पायरीवर बसले. भिकाजी गुरवाने तांब्याभर पाणी आणून दिलं. सत्तरी ओलांडलेला, सडसडीत माणूस. मी कोण ते त्याला माहीत होतं. रस्त्याच्या पार टोकाला, सुमंगलाच्या घराच्या जागी, पत्र्याचं कुंपण उभं होतं आणि आत यंत्र घरघरत होतं. तिकडे बघत तो म्हणाला, “त्या चेडवाचो जीव होतो गे त्या खोलयेत. देवीन नको म्हणान सांगललां. डावी दिली, माज्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. तरी त्यांनी इकल्यानी. बाबली तेवापासून देवळात चढाक नाय, आता सहा म्हयने जाले.”

मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. प्रसाद लावणारा गुरव कळीची बाजू विसरत नाही. तो त्याचा धंदा आहे, सुमंगलाची मापं होती तसा.

मी तांब्या पायरीवर ठेवला. बाबली देवीच्या नावाने खोटं बोलला नव्हता, तेवढी त्याची हिंमतच नव्हती. तो नुसता गप्प राहिला. खोटं वहीने सांगितलं, आणि वही खरी असल्याचं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हापशाला सिद्धीकडे गेले. सिद्धी वकील आहे, माझ्या मावसबहिणीची मुलगी. सगळं ऐकून तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मावशी, कागद रद्द करायला आपण काय म्हणणार? तिला समज नव्हती, म्हणून फसवून सही घेतली. मग तू आणि डॉक्टरांनी दिलेला दाखला समोर येणार. तो खोटा होता असं तू सांगशील?”

“सांगेन.”

“मग तिला समज नव्हती असं ठरलं. मग डावी पडल्याचं तिला आठवतं, हे कोण ऐकणार? आणि तिची आठवण खरी धरली तर ते म्हणणार, तिला सगळं नीट कळत होतं, डावी पडली हे ठाऊक असूनही तिने सही केली. देवळातला प्रसाद काही कायद्याचा कागद नाही. आणि एक. कोर्टात तुला सिद्ध करावं लागेल की तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते पेडण्यात सगळ्यांना कळेल. त्यानंतर तिच्याकडे ब्लाऊज कोण टाकणार?”

मी तिच्यावर ओरडले. ती बिचारी ऐकून घेत बसली. नंतर तिने हळूच विचारलं, “तिला काय हवंय ते विचारलंस का?”

मी नव्हतं विचारलं. याही वेळी नव्हतं विचारलं.

शुक्रवारी दुपारी मी पेडण्याला गेले. दार सुमंगलाने उघडलं. हर्षा गौरवीला शाळेतून आणायला गेली होती. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, तिची खाट पुढच्या खोलीत, भिंतीला लागून. मशीन गॅलरीत जुन्या चादरीखाली झाकलेलं. खालच्या मजल्यावरच्या लोकांना आवाजाचा त्रास होतो म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, सकाळी दहा ते बारा, असं ठरलं होतं. वह्या उशाशी नीट रचलेल्या. एकूण सहा झाल्या होत्या.

मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. “सुमंगला, तुझं खरं होतं. डावीच पडली होती. भिकाजी गुरवाने सांगितलं. मी त्या दिवशी तुला खोटं पाडलं. माझी चूक झाली.”

तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारी करून गेले होते, तोंडात मारली असती तरी बरं वाटलं असतं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“म्हंजे माजा डोकां बरां होतां?”

“त्या दिवशी बरं होतं.”

“तुमी होय म्हटला असतात तर मी सही केली नसती.”

“ठाऊक आहे मला.”

“घरच्यांचा मी मनाक लावून घेवक नाय, मॅडम. ती घरचीं. पण तुमी भायरचीं. तुमका माज्या जमनीतला कायच नको होतां. म्हणान मी म्हटलंय, ह्या बायलेन सांगल्यान म्हंजे माजा डोकांच वायट.”

मी तिच्याशेजारी खाटेवर बसले आणि तिला वकिलाचं सांगितलं, सिद्धीने सांगितलं ते सगळं, दोन्ही बाजूंनी. खटला घालायचा तर मी माझा दाखला खोटा होता म्हणून शपथेवर सांगेन, नोकरी गेली तरी चालेल, असंही म्हटलं. तिचं लक्षच नव्हतं. ती उशाशी वळली होती. तिने वह्यांतली दुसरी ओढून काढली, पानं उलटत गेली, एका पानावर थांबली आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

“डावी खरी, तर ह्यां?”

बारा फेब्रुवारी. तेच टपोरं अक्षर. ‘आज ताईचे डोके फार दुखत होते. गौरवी दंगा करत होती म्हणून ताईने तिच्या थोबाडीत मारली. गौरवीच्या नाकातून रक्त आले. ताईला नंतर वाईट वाटले.’

पानाच्या तळाशी माझी लाल खूण होती. दर भेटीत मी वही चाळून शेवटच्या पानावर खूण करायची, म्हणजे घरच्यांना वाटावं की मॅडम तपासतात. वाचायची नाही कधी. वेळ कुठे असायचा.

“हे तू मला कधी बोलली नाहीस,” मी म्हटलं.

“लाज दिसली. सांगतलंय कशी? चेडू जल्माक इल्यापासून रातची माज्याकडेच न्हिदायचा. तेका मी मारलंय आणि माका यादच नाय. रगत इलां तांव याद नाय. सकाळी वाचलंय तेवा कळला.” ती एकसुरात बोलत होती, मापं सांगावीत तशी. “त्या दिसापासून मी तेका लागी घेवक नाय. ती येवक लागली की मी भायर जायत. येकदा रातची इली, आते, मी न्हिदतंय म्हणान. मी दाराक कडी घातलंय. परत हात उठलो तर? मगे तिनव येवचा सोडल्यान. सही केलंय तीव त्यामुळांच. म्हटलां, ह्या पोराचा मी एवढा वायट केलंय, जमीन तरी तेच्या बापायक जावंदे.”

सौम्य इजेनंतर माणूस चिडखोर होतो. हात उठतो. असं होतं, मी शेकडो घरांत बघितलं आहे. हे पान खरं असू शकतं. आणि हर्षाला जे लिहायची सवय लागली, तिची सुरुवात याच पानापासून झालेली असू शकते. मी अक्षराकडे बघत होते. खऱ्या पानांवरही तेच अक्षर होतं, खोट्या पानावरही तेच.

“मी गौरवीला विचारते,” मी म्हटलं. “आता येईलच ती. तिला आठवत असेल. हर्षाला बाहेर पाठवून मी एकटीने विचारते.”

सुमंगलाने झटक्यात माझं मनगट धरलं. तिच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

“नको.”

“अगं, पण कळायला नको का तुला?”

“विचारू नकात, मॅडम. मारलंलां असलां तर बरां. मारूक नसलंय तर आठ महिने मी त्या चेडवाक आंगाक लागूक दिलंय नाय, तां आता खंय नेवन ठेवू?”

मी मांडीवरची वही मिटली.

जिन्यात पावलं वाजली. तिने वही माझ्या मांडीवरून उचलून पुन्हा रचून ठेवली, कडा जुळवल्या. हर्षा दारातून हसत आत आली, “कितके दिसांनी, मॅडम, चाय घेतल्यात मां?” असं विचारून तिने चपला काढल्या. तिच्यामागून गौरवी आली. उंच झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग आतेकडे. सुमंगला उठली आणि गॅलरीत जाऊन तिकडे तोंड करून उभी राहिली. गौरवीने दप्तर छातीशी धरलं आणि समोरच्या भिंतीला घासत ती आतल्या खोलीत गेली.

हर्षाने चहा आणला. मी तो घेतला नाही.